सतराव्या खुंटीवरचा शर्ट

निळीमावशीची बोटं निळी होती म्हणून ती निळीमावशी. खरं नाव होतं तिला, नाही असं नाही, पण ते इतकी वर्षं कुणी वापरलं नव्हतं की नवऱ्यालाही चटकन सापडत नसे. एकदा शिरगणतीचा कारकून दारात येऊन नाव विचारू लागला. तिचे यजमान, म्हणजे इस्त्रीवाले काका, हातातली इस्त्री खाली टेकवून आठवत राहिले. नाव आठवेपर्यंत खालच्या पांढऱ्या चादरीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला. “तुझ्या नावापायी एक अख्खी चादर गेली,” असं काका पुढं जन्मभर सांगत. मावशी म्हणे, “चादर बरी लक्षात राहिली.”

चौदाव्या वर्षी ती या लाँड्रीत कामाला लागली ती तिथलीच झाली. काकांशी ओळख तिथंच, भांडण तिथंच, लग्नही तिथंच ठरलं. पुढं जुन्या मालकांनी हात टेकले तेव्हा लाँड्री या दोघांच्या गळ्यात पडली. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे आणि कुणी बोललेलं तिला खपत नसे.

बंदराकडं उतरत जाणारी अरुंद गल्ली, तिच्या मधोमध हे दुकान. पुढच्या खोलीत लाकडी फळी, फळीच्या अलीकडं गिऱ्हाइकांसाठी बाक, पलीकडं भिंतभर खुंट्या. मधल्या खोलीत भट्टी आणि तीन हौद, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा, एक निळीचा. मागं अंगण, अंगणात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या. समुद्रावरून वारं आलं की कपडे तासाभरात वाळत, पण जास्त राहिले की खारट होऊन पापडासारखे ताठ होत. म्हणून मावशीचा एक कान नेहमी वाऱ्याकडं असे.

कपड्यांवरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पेढीतला एक कारकून चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचा की मी तंबाखू सोडली, आणि मावशी त्याच्या खिशाच्या शिवणीतून चिमूटभर तंबाखू झटकून कागदाच्या पुडीत परत द्यायची. वरच्या गल्लीतल्या एका जोडप्याचे कपडे सहा महिने दोन वेगवेगळ्या गाठोड्यांत येत होते. एके दिवशी एकच गाठोडं आलं, तेव्हा मावशीनं आतूनच काकांना हाक मारून सांगितलं, “अहो, मिटलं बरं का त्यांचं.” गल्लीला ते कळायला त्यानंतर आठवडा लागला.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर विमानतळ झाला आणि चाळीस पोरं तिथं येऊन राहिली. जहाजांच्या वर पहारा द्यायला ती रोज समुद्रावर जात. त्यांचे कपडे मावशीकडं आले. भिंतीवरच्या चाळीस खुंट्या तिनं मोकळ्या केल्या, प्रत्येकीखाली आकडा रंगवला आणि प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं तोच आकडा घातला. कपड्यांची ने-आण करायला एक ट्रकवाला होता. बोलायला लागला की गिअर टाकायचं विसरणारा. त्यामुळं विमानतळावरची बातमी गावात आधी मावशीच्या फळीवर उतरायची आणि मग बाकीच्यांकडं जायची.

मावशीची एक ऐट होती, ती पहिल्याच दिवशी तिनं पोरांना ऐकवली. “वर जाताना मळका देऊन जा, खाली आलास की धुतलेला घे.” सकाळी दहाला विमानं जात, चार-साडेचारला येत. तेवढ्या वेळात ती भट्टीत उकळून, खळबळून, नीळ घालून, पिळून, वाळवून शर्ट काकांच्या हातात देई आणि काका त्याला इस्त्री करून खुंटीवर टांगत. विमान आधी की शर्ट आधी, अशी रोजची शर्यत. मावशी कधी हरली नाही.

आता उंदराची गोष्ट. त्या वर्षी पानगळीच्या सुमारास सतरा नंबरच्या शर्टाच्या बाहीचा कफ कुरतडलेला आढळला. बारीक बारीक भोकं आणि निघालेले दोरे. मावशीच्या दुकानात उंदीर, म्हणजे नाक कापल्यातच जमा. तिनं पिंजरा आणला, त्यात पावाचा तुकडा लावला. दोन दिवसांनी शेजारणीचं मांजर मागून आणलं. मांजरानं उंदीर पकडायचं मनावर घेतलंच नाही. ते काकांनी इस्त्री केलेल्या गरम चादरींच्या थप्पीवर जाऊन निजायचं, आणि काका एकेक केस वेचत त्या मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. उंदीर काही सापडेना. सतरा नंबरचा कफ मात्र पुन्हा कुरतडलेला.

शेवटी काकांनी विचारलं, “काय गं, हा उंदीर दर खेपेला सतराच नंबर खातो, आणि तोही डावाच कफ. उंदीर इतका चोखंदळ कधीपासून झाला?”

दुसऱ्या दिवशी समुद्रावर धुकं होतं, विमानं गेलीच नाहीत. एक उंच, किडकिडीत पोरगा शर्ट न्यायला आला आणि बाकावर बसून वर्तमानपत्र वाचू लागला. मावशी फळीमागून बघत होती. वाचता वाचता त्याचं डावं मनगट सावकाश वर गेलं आणि तोंडात शिरलं.

मावशी आतल्या खोलीकडं वळून म्हणाली, “अहो, मांजर परत देऊन या. उंदीर सापडला.”

पोरगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. एकवीस वर्षांचा होता. हसला तेव्हा दिसलं की पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता म्हणे. त्या दिवसापासून तो ‘उंदीर’. ट्रकवाल्याच्या कृपेनं विमानतळावरही तेच नाव झालं आणि त्याला ते आवडलंही. तो विमान चालवणारा नव्हता, नकाशा मांडीवर घेऊन वाट सांगणारा होता. सहा-सहा तास खाली नुसतं पाणी बघायचं, उजव्या हातानं टिपणं करायची, मग डाव्या हातानं करायचं काय, असा त्याचा सवाल. आईही याच गोष्टीवरून ओरडायची, हे त्यानं आपणहून सांगितलं.

“आई काय करते तुझी?”

“सुईण आहे. गावातल्या निम्म्या लोकांना पहिली चापट तिनं मारलीय. मला जरा जास्तच पडल्या.”

मग तो येत राहिला. शर्ट तयार असला तरी बसायचा. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोन टोकांना दोघं लागतात. चादर ताणायची, चालत जवळ यायचं, टोकाला टोक मिळवायचं, पुन्हा मागं जायचं. एरवी त्यासाठी मावशीला हौद सोडून यावं लागे आणि ती करवादत येई. आता उंदीर उठायचा. काका बुटके, तो ताडमाड, त्यामुळं चादर कायम तिरकी. दोघं समोरासमोर येत, गंभीर चेहऱ्यानं एकमेकांना वाकून नमस्कार करत आणि मागं जात. मावशी म्हणायची, चादरीची घडी चाललीय की लग्न लागतंय? पण ती दारात उभी राहून बघायची, आणि हौदातलं पाणी निवून जायचं.

त्याच्या कफांवर ती रफू करायची आणि शिव्या द्यायची. दोन्ही कामं एकाच वेळी चालत. सकाळी विमानांचा आवाज आला की ती अंगणात येऊन बघे, नऊ गेली. चार वाजता पुन्हा, नऊ आली. काकांनी एकदा थट्टा केली, की तुझी कोंबडी आहेत का ती? ती हौदाकडं वळली. काकांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी उंदीर ट्रकमध्ये पुढं बसून स्वतःच गाठोडं घेऊन आला. ट्रक चालूच होता. अंगातल्या शर्टावर छातीपाशी चहाचा हा एवढा डाग.

“असा जाणार तू वर?” मावशी म्हणाली. “उतरव तो.”

“वर कोण बघतंय मावशी? मासे?”

“मासे बघोत न बघोत, मी बघतेय ना. उतरव.”

त्यानं तिथंच शर्ट काढला. तिनं खुंटीवरचा धुतलेला त्याच्या अंगावर फेकला. काढलेल्या शर्टाचा डावा कफ बघून तिनं कपाळाला हात लावला. पार चाळण झाली होती. हा आता रफूला ऐकायचा नाही, आज उसवून पालटूनच ठेवते, असं तिनं सांगितलं. पालटायचा म्हणजे पट्टी उसवायची, खराब बाजू आत घालायची, आतली कोरी बाजू बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायची. वर ती म्हणाली, “संध्याकाळी येऊन ओळखून दाखव आपला शर्ट. आणि या नव्याला तोंड लावलंस तर बघ.”

त्यानं डावा हात पाठीमागं लपवला, शाळेतल्या पोरासारखा, आणि तसाच मागं मागं चालत ट्रकमध्ये जाऊन बसला.

तिनं तो शर्ट सगळ्यांत आधी धुतला. चहाचा डाग हट्टी निघाला, पण तीही कमी हट्टी नव्हती. दुपारी अंगणाच्या पायरीवर बसून कफ उसवला, पालटला, इतक्या बारीक टाक्यांनी शिवला की काकांनाही शिवण चाचपून शोधावी लागली. काकांनी कडक इस्त्री केली. चार वाजायच्या आत शर्ट सतराव्या खुंटीवर होता.

चार वाजून वीस मिनिटांनी विमानं आली. तिनं मोजली. आठ. वाटलं, एखादं दुसऱ्याआड झालं असेल. पुन्हा मोजली. त्या संध्याकाळी ट्रक आला नाही.

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ट्रकवाला खाली उतरला, फळीपाशी उभा राहिला आणि काही बोलला नाही. तो बोलत नाही म्हटल्यावर मावशीनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग त्यानं सांगितलं ते एवढंच: परतताना धुकं लागलं, उंदराच्या विमानातून निरोप आला की इंजिन नीट चालत नाही, त्यानंतर काही नाही. बोटी शोधायला गेल्या आहेत. त्या तीन दिवस शोधत राहिल्या. पाण्यावर एका ठिकाणी तेलाचा तवंग दिसला. बाकी काही हाती लागलं नाही, ना माणूस, ना कापडाची चिंधी.

चौथ्या दिवशी ट्रकवाल्यानं त्या विमानातल्या पोरांच्या ट्रंका आणल्या, त्यांत त्याचीही. सामान घरी पाठवायचं होतं आणि मळके कपडे असतील ते धुऊन पाठवावेत असा तिथला शिरस्ता होता. त्याच्या ट्रंकेत दोन शर्ट, टॉवेल, पायमोजे, झोपायचे कपडे, उशीचा अभ्रा. मावशीनं सगळं बाहेर काढलं आणि सगळंच हौदात घातलं. काही तिनंच आठवड्यापूर्वी धुतलेलं होतं, घडीही मोडली नव्हती.

“अगं, ते धुतलेलेच आहेत,” काका म्हणाले.

“असू देत.”

तिनं ते उकळले, खळबळले, नीळ घातली, खळ दिली, आणि वाळल्यावर पुन्हा धुतले. दुसरं काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. काकांनी इस्त्रीत निखारे भरले आणि पायमोज्यांनासुद्धा इस्त्री केली. अशी पांढरीशुभ्र ट्रंक त्या दुकानातून आधी कधी गेली नव्हती. सतराव्या खुंटीवरचा शर्ट मात्र ट्रंकेत गेला नाही. काकांनी तो काढायला हात वर केला, तर मावशी म्हणाली, राहू द्या, तो न्यायला येतो म्हणालाय. मग आपणच काय बोललो ते ऐकून ती आत निघून गेली.

तीन आठवडे गेले. एका दुपारी एक बाई दारात आली. उंच, किडकिडीत. मावशीनं फळीमागून तिच्याकडं पाहिलं. ही उंची आणि दारात शिरताना मान जराशी वाकवायची लकब, दोन्ही तिनं आधी पाहिली होती.

बाईनं पिशवीतून एक शर्ट काढला, कॉलर उलटी करून लाल दोऱ्यातला सतरा दाखवला. “ही खूण तुमच्याकडची ना हो?”

मावशीनं मान डोलावली आणि तिला बाकावर बसवलं. काका पाणी घेऊन आले.

बाईनं सगळं सावकाश सांगितलं. ट्रंक पोचली. एकेक कपडा काढून तिनं नाकाला लावला. शर्ट, टॉवेल, अभ्रासुद्धा. सगळ्यांना साबणाचा वास. तिथल्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, कपडे लाँड्रीतून येतात. म्हणून ती दोन गाड्या बदलून आली होती.

“मी सुईण आहे,” ती म्हणाली. “हजारभर पोरं या हातांवर आली असतील. मूल हातात आलं की डोळे उघडायच्या आधी त्याचा वास येतो. प्रत्येकाचा निराळा. माझ्याचा मला माहीत होता. आता आठवायला जाते तर सापडत नाही.” मग ती फळीच्या पलीकडं, मधल्या खोलीकडं बघत म्हणाली, “एखादा राहिलाय का हो, न धुतलेला? पायमोजा असला तरी चालेल.”

हौदापाशी मळक्या कपड्यांचा ढीग होता. विमानतळावरच्या सगळ्यांचा. त्यात त्याचा एक नव्हता.

मावशीला खोटं सांगता आलं असतं. ट्रंक तशीच आली होती, साहेबांनीच धुवायला लावलं, काहीही. ती म्हणाली, “मी धुतले, ताई. सगळे. दोन-दोनदा.”

बाईनं मांडीवरच्या शर्टावरून हात फिरवला. “छान धुतलेत हो,” ती म्हणाली. “इतके पांढरे मला कधी जमले नाहीत.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मावशीला ते सोसलं असतं. ती भिंतीकडं वळली, सतराव्या खुंटीवरचा शर्ट काढला आणि तो हातात धरून सगळं बोलून गेली. की हा त्या सकाळी त्याच्या अंगात होता. की मीच तो उतरवायला लावला, चहाच्या डागासाठी. की तो संध्याकाळपर्यंत माझ्या हौदाशेजारी पडला असता तर पडला असता, काही बिघडणार नव्हतं, पण मला घाई. बाईनं शर्ट घेतला, दोन्ही हातांनी तोंडाशी नेला, श्वास आत ओढला, थांबली. आणि मान हलवली. साबण आणि खळ.

तेव्हा इस्त्रीच्या टेबलापाशी उभे असलेले काका एकच शब्द बोलले. “कफ.”

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग फळीखालच्या डब्यातून ब्लेड काढलं आणि बाईशेजारी बाकावर बसली. आयुष्यात इतके बारीक टाके तिनं कधी घातले नव्हते, त्यामुळं उसवतानाही ते लवकर सुटेनात. एकेक टाका कापायचा, दोरा बोटानं ओढायचा. बाई विचारत नव्हती, नुसती बघत होती. पट्टी सुटली. मावशीनं आतली बाजू बाहेर काढली आणि बाईच्या मांडीवर पसरली.

कफाच्या कडेला भोकं होती. दोन भोकं जवळजवळ, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा एक. पुढंही तसंच. जागोजागी तेवढीच मोकळी जागा.

बाई खाली वाकली. तिनं अंगठ्याच्या नखानं त्या मोकळ्या जागेवर टेकवलं.

“हा तुटका दात,” ती म्हणाली. “झोका मीच जोरात दिला होता.”

आणि मग ती रडली. तोवर रडली नव्हती, ट्रंक आली तेव्हाही नाही, असं तिनं नंतर सांगितलं. तिनं कफ आपल्या ओठांत धरला, तो धरायचा तसाच, आणि रडत राहिली. मावशी निळ्या बोटांनी तिची पाठ चोळत होती. काका अंगणात गेले. तिथं त्यांनी दोरीवरची मोठी चादर ओढली आणि एकट्यानं तिची घडी घालायला लागले. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. ते पुन्हा धरायचे, पुन्हा सुटायचं. बराच वेळ ते तसंच चाललं होतं.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा बाईनं शर्ट घडी न घालता पिशवीत ठेवला. दारात थांबून ती भिंतीवरच्या खुंट्यांकडं बघत राहिली. किती आहेत, तिनं विचारलं. चाळीस, मावशी म्हणाली.

“धुवायची घाई करू नका,” बाई म्हणाली, आणि मान वाकवून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीचा नेम बदलला. जो वर गेलाय त्याचा कपडा तो खाली आल्याशिवाय पाण्यात जाणार नाही. गाठोडं आलं तसं खुंटीवर टांगायचं, बोट लावायचं नाही. पोरांची त्रेधा उडाली. धुतलेले शर्ट दिवसभरानं मिळायला लागले, मग दोन दिवसांनी. कालचेच शर्ट घालून पोरं हिंडायला लागली आणि आठवडाभरात त्यांचे साहेब स्वतः दुकानात आले. चांगलेच तापले होते. मावशीनं ऐकून घेतलं आणि कारण सांगितलं, पायमोज्यापर्यंत सगळं. साहेब भिंतीकडं बघत होते.

“यातली माझी कुठली?” त्यांनी विचारलं.

“एक नंबर.”

एक नंबरच्या खुंटीवर त्यांचंच गाठोडं होतं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठारातून माणशी दोन शर्ट जास्तीचे द्यायला लावले.

मग पोरांनाच त्या नेमाची सवय लागली, आणि सवयीची गोडी. विमानं उतरली की ट्रक गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवायचा आणि मागं उभी राहिलेली पोरं ओरडायची, “भिजव मावशी, भिजव!” प्रत्येकजण आपापला आकडा ओरडायचा. बारा, भिजव! एकतीस, भिजव! गल्लीतल्या बायका खिडक्यांत यायच्या. मावशी एकेक गाठोडं खुंटीवरून काढून हौदात टाकायची, आणि पाणी उडून सगळी ओली व्हायची. कामाचा भार दुप्पट झाला होता. ती कधी कुरकुरली नाही.

युद्ध संपेपर्यंत सहा वेळा असं झालं की एक आकडा कुणी ओरडला नाही. सहाही वेळा तिनं ते गाठोडं तीन दिवस खुंटीवर ठेवलं. मग घामाच्या, तेलाच्या, तंबाखूच्या वासासकट ते जाड कागदात बांधलं, कडा चिकटवून टाकल्या आणि घरच्या पत्त्यावर पाठवलं. कुठल्या कुठल्या आयांची पत्रं आली. एकीनं फक्त ‘मिळाला’ एवढंच लिहिलं होतं.

पुढं विमानतळावर गवत वाढलं. खुंट्यांवर खाणावळीचे टेबलपोस आणि दवाखान्याचे अंगरखे आले. सतरावी खुंटी मावशीनं कुणाला दिली नाही. काका एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापानं गेले आणि त्यांच्या इस्त्रीचा दांडा धरायला मावशीचा हात धजेना, म्हणून भाची येऊन राहिली. तिनं यंत्रं आणली. मावशी एक हौद तेवढा राखून होती.

सुईणीचं वर्षातून एक कार्ड यायचं. या वर्षी अमुक पोरं झाली, दोन जुळी, गुडघे दुखतात. शर्टाबद्दल अवाक्षर नसायचं, फक्त सगळ्यांत शेवटी एक ओळ ठरलेली. ‘कफ ठीक आहे.’ एकवीस वर्षं ती ओळ आली.

बाविसाव्या वर्षी कार्डाऐवजी पुडकं आलं. शेजारणीनं पाठवलं होतं. बाई गेल्या, उशाखाली हा शर्ट होता, त्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती आणि चिठ्ठीवर तुमचा पत्ता होता, असं तिनं लिहिलं होतं. चिठ्ठीत त्या बाईचं अक्षर: ‘आता धुतलात तरी चालेल. माझं झालं.’

शर्ट पिवळा पडला होता. घड्यांवर कापड विरलं होतं. मावशीनं तो नाकाला लावला. त्याला आता वास होता, पण तो सुईणीचा होता, कडक साबणानं धुतलेल्या हातांचा, उशीच्या कापसाचा आणि म्हाताऱ्या केसांचा. तो वास हवा असलेलं माणूस आता कुठं शिल्लक नव्हतं. मावशी बाकावर बसून होती. जो खाली आला नाही त्याचा कपडा भिजवायचा नाही, हा तिचा नेम. आणि हातात चिठ्ठी.

दुपारी तिनं आपला हौद भरला. साबण किसला. शर्ट पाण्यात सोडला, आधी पाठ, मग छाती, मग उजवी बाही. कापड पाणी पिऊन जड झालं आणि खाली जाऊ लागलं. डावी बाही तिनं सोडली नाही. कफ मुठीत धरून तिनं हात पाण्याच्या वर ठेवला आणि दुसऱ्या हातानं सावकाश, न घासता, न खळबळता, शर्ट धूत राहिली. हौद खोल होता. थोड्या वेळानं तिचा खांदा थरथरायला लागला.

भाची यंत्र बंद करून आत आली. मावशी अशी एका हातानं काय करतेय ते तिला कळेना. म्हणाली, “मावशी, हात भरून आला असेल तुझा. सोड की ते, मी करते.”

“नको,” मावशी म्हणाली. “धरलाय मी.”